जास्तीची रिंग

१४ सप्टेंबर, शनिवार

किट आलं. खोका दारातून आडवा आत येईना, म्हणून डिलिव्हरीवाल्याने आणि मी तो उभा करून घेतला. माझी बायको रुचा म्हणाली, "हे कुठे ठेवायचं ते ठरवून मागवलंस का?" नव्हतं ठरवलं. टोकियोत, ओजिमातल्या सरकारी वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात माझ्या छातीएवढं रॉकेट कुठे मावतं याचा विचार कोणी आधी करत नाही. तूर्त ते गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे आहे.

दोन वर्षं मी लहान रॉकेटं उडवली. हातभर लांबीची, पुठ्ठ्याची. मोरिता-सानच्या रॉकेट क्लबात बाकीचे सगळे आता मोठ्यांकडे वळलेत आणि दर वेळी आपलं एकट्याचं छोटं रॉकेट घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. सतरा नोव्हेंबरला नदीकाठच्या मैदानात क्लबचं उड्डाण आहे. तेव्हा हे उडायला हवं.

मोटरींची यादी वाचत बसलो. मला त्यांची नावं आवडतात. जी-ऐंशी-सात. अक्षर म्हणजे एकूण ताकद किती, पहिला आकडा म्हणजे सरासरी जोर किती, शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकायचं. नाव वाचलं की मोटर काय करणार ते कळलं. ऑफिसातल्या मीटिंगनंतर असं काही वाचलं की डोकं शांत होतं.

२२ सप्टेंबर, रविवार

मोरिता-सान आले होते. ते एका यंत्रांच्या कंपनीतून निवृत्त झालेत, इंग्रजी सावकाश पण नीट बोलतात. क्लबातला माझा सगळा कारभार त्यांच्यामुळे चालतो. मोठ्या मोटरींचा परवानाही त्यांच्याकडेच आहे, माझा फक्त लहान मोटरींचा. त्यामुळे मोटर त्यांच्या नावावर येणार आणि त्यांच्याच देखरेखीखाली उडणार.

किटमधले पंख बाल्सा लाकडाचे आहेत. बोटाने दाबलं तर वाकतात. मी प्लायवुडचे करणार म्हटलं. त्यांनी मान डोलावली. मग मोटर जिथे बसते त्या नळीभोवती पुठ्ठ्याच्या दोन रिंगा आहेत, तिथे प्लायवुडची तिसरी घालू का, असं विचारलं. त्यांनी रिंगा पाहिल्या, श्वास आत ओढला आणि हसून जपानीत म्हणाले, "सोरे वा ईई देस."

हे मला कळलं. सोरे वा, म्हणजे ते. ईई, म्हणजे चांगलं. तिसरी रिंग घालायची.

या 'ईई'ची गंमत आहे. आपल्याकडे 'ई' म्हणजे शी, नको ते. इथल्या पहिल्या वर्षी आमची मुलगी, पूर्वी, बालवाडीतून येऊन कशालाही 'ईई' म्हणायची आणि मला वाटायचं पोरीला सगळ्याचीच किळस येते. भाजी वाढायला गेलो की ताटावर हात ठेवून 'ईई'. मग कंपनीने लावलेल्या वर्गात पहिल्याच आठवड्यात कळलं की ईई म्हणजे छान. तेव्हापासून कान सुधारला.

माझ्या जपानी भाषेवर रुचा हसते. तिची बरी आहे, ती जेवणाच्या डब्यांच्या दुकानात पार्ट-टाइम जाते. पण गेली बारा वर्षं माझं काही अडलेलं नाही.

३ ऑक्टोबर

ऑफिसातून कळवलं: पुण्याच्या शाखेत एप्रिलपासून विभागप्रमुखाची जागा आहे, मला हवी असेल तर माझी. उत्तर महिनाअखेर द्यायचं.

हवी आहे. इथे मी आणखी पंधरा वर्षं राहिलो तरी मीटिंगमध्ये देव-सानच राहणार, ज्यांच्यासाठी शेवटी कोणीतरी इंग्रजीत सारांश सांगतं. रुचा म्हणाली, "मला दोन्ही चालेल. पूर्वीचं बघ. तिची अकरावी आहे. पुढच्या वर्षी तिची इथली शेवटची इयत्ता, मग विद्यापीठाच्या परीक्षा." मी म्हटलं, "विचारतो."

६ ऑक्टोबर, रविवार

विचारलं. रुचा कामावर होती. पूर्वी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होती, मी समोर पंख घासत होतो. पोरगी हल्ली मराठी ऐकते आणि जपानीत उत्तर देते. वसाहतीतल्या सगळ्याच आपल्या मुलांचं तसं आहे.

मी सगळं व्यवस्थित सांगितलं. जागा कोणती, घर कुठे, पुण्यात आंतरराष्ट्रीय शाळा आहेत वगैरे. "मार्चनंतर जाऊ या. चालेल ना तुला?"

तिने पेन्सिल ठेवली. "वाताशि वा ईई," म्हणाली.

वाताशि वा, म्हणजे मी. माझ्याकडून चांगलं. मला वाटलं होतं त्याहून फारच सोपं गेलं. मी शाळांची माहिती छापून आणली होती ती पुढे केली, एकेक समजावून सांगायला लागलो. तिसऱ्या शाळेपर्यंत आलो तर म्हणाली, "बाबा, मो ईई," आणि वह्या उचलून आत गेली. मो म्हणजे आणखी. तिसरी शाळा तिला आणखी चांगली वाटली. त्या शाळेभोवती वर्तुळ करून ठेवलं.

रात्री रुचाला सांगितलं, पूर्वी चांगलं म्हणाली, दोनदा. रुचा भांडी पुसायची थांबली. "खरंच? मला वाटलं होतं ती भांडेल." मी म्हटलं, "आपण उगाच मुलांना कमी लेखतो."

१९ ऑक्टोबर, शनिवार

रॉकेट जड झालंय. हे कसं होतं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी होणार नाही.

प्लायवुडचे पंख बाल्साच्या पंखांपेक्षा जड. पंख असतात शेपटीला. त्यामुळे रॉकेट बोटावर तोललं की तोलाचा बिंदू मागे सरकतो. तो पंखांच्या फार जवळ गेला तर रॉकेट सरळ जात नाही, हवेत गोते खातं. म्हणून टोकात शिसं भरलं. शिशाने वजन वाढलं. वजन वाढलं की जोरदार मोटर हवी, कारण मोटरीचा जोर वजनाच्या पाचपट तरी पाहिजे, नाहीतर रॉकेट आळसटल्यासारखं उठतं आणि वाऱ्याकडे झुकतं. जोरदार मोटर स्वतःच जड, आणि ती बसते शेपटीत. तोल पुन्हा मागे. पुन्हा शिसं.

आज मोरिता-सानना फोटो पाठवले आणि टोकात आणखी थोडं शिसं घालू का विचारलं. उत्तर जपानीत: "मो ईई देस." पुढे घाम पुसणारा चेहरा. आणखी चांगलं. घातलं.

पूर्वीने आज रुचाला विचारलं म्हणे, सतरा वर्षांच्या मुलीला टोकियोत एकटीला खोली भाड्याने मिळते का. मला बरं वाटलं. आमच्या काळी मुलगी एकटी दुसऱ्या गावी गेली तरी कौतुक व्हायचं. रुचाला मात्र त्यात काही बरं वाटलं नाही. "ती असं का विचारते आहे?" म्हणाली. मी म्हटलं, कुतूहल.

२७ ऑक्टोबर, रविवार

उत्तर कळवलं. पुण्याला होकार दिला.

मोटरीचं ठरवायचं होतं. जी-ऐंशी चार सेकंदांची, सातची आणि दहाची मिळते. मोरिता-सान म्हणाले, जड रॉकेट कमी उंच जातं, लवकर वळतं, तेव्हा चारची बघा. मला चार फार घाईचे वाटतात. रॉकेट अजून जोरात वर जातंय आणि पॅराशूट उघडलं तर फाटणारच. सात सेकंद म्हणजे निवांतपणा. सातची मागवा म्हणालो. ते "वाकारिमाश्ता" म्हणाले, म्हणजे समजलं.

पूर्वी मैत्रिणीबरोबर कुठलंसं विद्यापीठ बघायला गेली होती. तिथे म्हणे मुलांना सगळं फिरवून दाखवतात. संध्याकाळी आली, माहितीपत्रकांची पिशवी होती हातात. मी म्हटलं, "आता तर आपण पुण्याला चाललोय, कशाला वजन वाढवतेस?" तिने माझ्याकडे पाहिलं. पिशवी कागदाच्या कचऱ्यात ठेवली, दोरी बांधून, नेमून दिल्याप्रमाणे. मला तिची शिस्त आवडली. रुचाने ती नंतर काढून कपाटात ठेवली.

४ नोव्हेंबर, सोमवार, सुटी

दिवाळी झाली. वसाहतीच्या हॉलमध्ये फराळ होता, दीडशे माणसं. सगळ्यांनी पुण्याबद्दल अभिनंदन केलं. पूर्वी आली नाही, पोट दुखतंय म्हणाली, तेही रुचाकरवी. माझ्याशी ती आता जवळजवळ बोलत नाही. घरातलं मराठी बंदच केलंय तिने. रुचा विचारायला गेली तर "बाबाने ठरवलंय" एवढंच सांगते म्हणे.

मी म्हटलं, ठरवलंय ते खरंच आहे.

रुचा म्हणाली, "देवदत्त, तू तिच्याशी नीट बोललास ना?"

"दोनदा विचारलं. दोनदा चांगलं म्हणाली. आणखी काय नीट असतं?"

मी गॅलरीत जाऊन रॉकेटला शेवटचा रंग दिला. पांढरा, खाली काळे पट्टे. सुंदर दिसतंय. दोन हातांनी उचलावं लागतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी मोरिता-सान गाडी घेऊन आले. पूर्वीच्या दाराशी उभा राहून "येतेस?" विचारलं. आतून "ईई" आलं. मी बूट घालून पाच-सात मिनिटं खाली थांबलो. ती आली नाही. वाटलं, पुन्हा झोपली असेल.

मैदान नदीकाठी, गवत कापलेलं, वारा होता पण चालण्यासारखा. वजनकाट्यावर रॉकेट ठेवलं तर तपासणारा माणूस आणि मोरिता-सान एकमेकांकडे बघून जरा हळू आवाजात बोलले. जोर वजनाच्या पाचपट नव्हता, साडेचारच्या आसपास होता. मोरिता-सान मला म्हणाले, "देव-सान, हळू उठेल. वाऱ्यात थोडं झुकेल. सगळ्यांना लांब उभं करू, मग हरकत नाही." उड्डाणाच्या दांडीवर बसवलं. आमच्या आधी तीन नंबर होते.

थांबलो होतो तेव्हा क्लबातल्या एक बाई थर्मासमधून चहा वाटत आल्या. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचा कप अर्धा रिकामा. बाईंनी थर्मास कलता केला. गृहस्थांनी कपावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "मो ईई देस."

बाईंनी थर्मास सरळ केला आणि पुढे गेल्या.

मी बघत राहिलो. आणखी चांगलं म्हणतोय माणूस आणि त्याला चहा देत नाहीत. मला वाटलं, बाईंनी नीट ऐकलं नाही. मी मोरिता-सानना म्हटलं, "त्यांना अजून चहा हवाय."

"नको म्हणाले ना ते."

"मो ईई म्हणाले."

"हो. म्हणजे पुरे."

मी विचारलं, ईई म्हणजे चांगलं ना? मोरिता-सान म्हणाले, चांगलंही. पण कोणी काही देऊ केलं आणि आपण ईई म्हटलं, तर 'आहे तेवढं चांगलं आहे, नको'. आणि मो ईई म्हणजे 'आता पुरे'. "चिडून म्हटलं तर फार वाईट. पुरे झालं, सोडा, असं."

"आणि वाताशि वा ईई?"

"मला नको. तुम्ही जा, मी नाही." त्यांनी सहज सांगितलं, चहा पीत. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. "देव-सान?"

मी विचारलं, "ती तिसरी रिंग?"

ते अवघडले. "नको होती. तेव्हाच म्हणालो होतो. तुम्ही तरीही घातली, मला वाटलं तुमचा विचार पक्का आहे. मग पुन्हा काय बोलणार."

"आणि शिसं?"

"तेही."

आमचा नंबर पुकारला. बटण माझ्या हातात दिलं. उलटी गणती सगळे मिळून मोठ्याने म्हणतात, गो, योन, सान, नि, इचि. मी बटण दाबलं. आवाज झाला, धूर झाला, सगळ्यांच्या माना वर गेल्या. मी त्या चहाच्या बाईंकडे बघत होतो. त्या थर्मास पोटाशी धरून आकाशाकडे बघत होत्या. मी वर बघायचं विसरलो.

काय झालं ते मोरिता-साननी सांगितलं. हळू उठलं, वाऱ्याकडे झुकलं, मोठा बाक घेऊन खाली वळलं. इंधन संपून चार सेकंद झाले, पाच झाले, पॅराशूट नाही. टोक खाली करून वेगात येत असताना सातव्या सेकंदाला उघडलं आणि दोरीने नळी उभी चिरली. माणसांपासून लांब पडलं. मी जाऊन तुकडे गोळा केले. तिसरी रिंग शाबूत होती.

मोरिता-सान गाडीने सोडतो म्हणाले, पण त्यांना थांबायचं होतं. मी ट्रेनने आलो. चिरलेली नळी दोन बाकांमध्ये मावेना, लोक वळसा घालून जात होते. बारा वर्षांत या पोरीने ताटावर हात ठेवून किती वेळा ईई म्हटलं असेल आणि मी किती वेळा वाढलं असेल, तेवढं एकच डोक्यात होतं. पहिल्या वर्षी माझ्या मराठी कानाला जे ऐकू आलं होतं तेच बरोबर होतं. शिकून चुकलो.

घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. पूर्वी तिच्या खोलीत होती. मी दारातच उभा राहिलो, नळीसकट.

"पूर्वी, तुला पुण्याला यायचंय का? मराठीत सांग. हो किंवा नाही."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "बाबा, मी नाही म्हटलं ना. तेव्हाच म्हटली."

"मला वाटलं तू चांगलं म्हणालीस."

"काय?"

"ईई. मला वाटलं, चांगलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडायला लागली. "मला वाटलं तुला कळला," ती म्हणाली, "आणि तरी तू..." पुढचं मराठी तिला सापडेना. ती जपानीत बोलायला लागली, भराभर, आणि मला त्यातलं फक्त 'बाबा' आणि 'घर' कळत होतं. मी म्हटलं, "हळू. मला कळत नाहीये." हे वाक्य मी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. रुचा मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "ती म्हणतेय, तिला वाटलं तू ऐकलंस आणि बाजूला ठेवलंस. या घरात तिच्या नाही म्हणण्याला काही अर्थ नाही असं वाटलं."

मला लाज वाटली. तसं सांगितलं तिला. पुण्याला मी होकार देऊन बसलो आहे, तेही सांगितलं. तिला ते माहीत होतं.

२१ नोव्हेंबर

पुण्याला नकार कळवला. त्यांनी समजून घेतलं, फार विचारलं नाही. इथे मात्र माझ्या जागी एप्रिलपासून चेन्नईचा एक जण ठरलाय, ते आता फिरत नाही. म्हणजे मार्चअखेर माझं इथलं काम संपतं. आम्हा तिघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. तेव्हा मार्चच्या आत टोकियोत दुसरी नोकरी मिळाली तर पूर्वीचं शेवटचं वर्ष इथे होईल, नाहीतर नाही.

रुचा म्हणाली, "घाबरलायस?" हो म्हटलं.

पूर्वीला काल मीच सांगितलं, लपवलं नाही. तिने विचारलं, "म्हणजे नक्की नाही?" मी म्हटलं, नक्की नाही, पण मी प्रयत्न करणार आहे. तिने मान हलवली. आज मी कामावरून आलो तर कपाटातली पत्रकांची पिशवी तिच्या टेबलावर होती.

१ डिसेंबर, रविवार

दोन ठिकाणांहून विचारणा आहे, पण दोन्ही कंपन्या जपानी आहेत आणि अर्ज जपानीत हवा. मी आठवडाभर खटपट करून एक लिहिला होता. पूर्वीने दुपारी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "हे कोणी लिहिलं?" मी लिहिलं. "वाटलंच."

मी टेबलाच्या या बाजूला बसलो आणि ती प्रश्न विचारत गेली. जन्मतारीख. पदवी. कुठल्या वर्षी कोणतं काम. मी काही सांगितलं की ती ते दोनदा विचारायची, तुला असं म्हणायचंय का तसं, आणि मगच टाइप करायची. तिचं मराठी अडखळतं. लिंगं चुकतात. मी दुरुस्त केली नाहीत. रुचा अधूनमधून येऊन बघून जात होती.

शेवटच्या रकान्यात भाषा विचारल्या होत्या. मराठी, हिंदी, इंग्रजी झालं. जपानीपुढे मी 'उत्तम' लिहिलं होतं. पूर्वी त्या शब्दाकडे थोडा वेळ बघत बसली. मग तो खोडला आणि दुसरा लिहिला.

मी विचारलं, काय लिहिलंस?

"शिकतोय," ती म्हणाली.